गार हवेचा पाइप

वाटूर,
११ मे २०२५

चि. आकांक्षा,

काकाचा आशीर्वाद. तीन वर्सांत एक ओळ न्हाई आणि आज एकदम पत्र, म्हणून घाबरू नको. घरी सगळे बरे आहेत. पण काल जे पाह्यलं त्यानं माझं डोकंच चालेना, म्हणून लिहून राह्यलो.

सकाळी शेतातून आलो तर गोठ्यामागं कोंबडी अंडे घालून बसलेली. कशात? आमच्या कल्याणच्या लाल स्पोर्ट्स गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्यात! कंपनीचा चांगला डबा, आतला कागद तिनं चोच मारून मारून फाडलेला. मी तिथंच खाली बसलो. एस.टी.च्या वर्कशॉपात अडतीस वर्सं काढली. इंजिनाचं नाक आहे ते. नाक काढून कुणी गोठ्यामागं फेकतं का?

बॉनेट उघडलं तर डब्याच्या जागी चकचकीत पाइप आणि त्याच्या टोकाला उघडा फिल्टर, मक्याच्या कणसाएवढा. कल्याणला विचारलं. मला ऐकू येत न्हाई म्हणून घरात पाटी ठेवलीय, त्याच्यावर त्यानं लिहिलं, "कोल्ड एअर इनटेक. वीस हॉर्सपॉवर वाढते."

वीस! नुसता पाइप बदलून! मंग आम्ही जन्मभर पिस्टन, रिंगा, पंप खोलत बसलो ते कशासाठी?

जालन्याच्या दुकानात तो हेच विकून राह्यला. त्याचे व्हिडिओ बघून पार बुलढाण्याकडून पोरं येतात. तू पुण्यात इंजिनं तपासायचंच काम करतीस. खरं काय ते बिलकुल न लपवता सांग. मोबाइलवर लिहू नको, माझा मोबाइल कल्याणच उघडतो. कागदावर लिही.

तुझा
पुंजाराम काका

*

पुणे,
१९ मे

ती. काका,

नमस्कार. पाकिटावर तुमचं अक्षर बघून उभ्या उभ्याच ते फोडलं. मग कोंबडीपर्यंत आले आणि हसू फुटलं. मग वीस हॉर्सपॉवर वाचलं आणि ते हसू कुठल्या कुठं गेलं.

तुम्ही न लपवता सांग म्हणालात, तर सांगते. गार हवा दाट असते. तेवढ्याच जागेत जास्त प्राणवायू मावतो, जास्त इंधन जळतं, ताकद वाढते. इथपर्यंत कल्याणचं बरोबर आहे. पण कंपनीच्या डब्याचं तोंडसुद्धा पुढच्या जाळीपाशीच असतं. तोही बाहेरचीच हवा घेतो. उलट कल्याणचा उघडा फिल्टर बॉनेटच्या आत, तापलेल्या इंजिनाच्या शेजारी बसलाय. मे महिन्यात जालन्यात बाहेर त्रेचाळीस, तर आत साठ-सत्तर. नाव गार हवेचं आणि श्वास भट्टीचा!

नीट झाकलेलं, चांगल्या कारागिरीचं किट असेल तर काही गाड्यांना चार-पाच हॉर्सपॉवर मिळते. काहींना तीही नाही. वीसचा आकडा त्याने कुठून आणला, मला कळत नाही.

एक गोष्ट मात्र नक्की बदलते. डब्यात दबलेला आवाज मोकळा होतो. पाय दाबला की गाडी घशातून गुरगुरते, आणि माणसाला वाटतं गाडी पळाली. आमच्याकडचे शिकलेले लोकही यात फसतात.

तुम्ही स्वतः गाडीत बसून बघितलंत का?

तुमची
आकांक्षा

*

वाटूर,
१ जून

चि. आकांक्षा,

बसलो. आणि बसल्यापासून सुन्न आहे.

आधी शेजारचा बिरू बसून आल्ता. त्याची ती मेंढ्या न्यायची जुनी जीप, त्याला कोणतीही गाडी भारीच वाटती. उतरला तो दोन्ही हात पंखासारखे नाचवत. पाटीवर लिहिलं, "इमान!" मंग मी बसलो. कल्याणनं मंठ्याच्या रोडवर गाडी दाबली, माझ्या तोंडाकडं बघितलं. मी म्हणालो, "दाब की." तो म्हणाला, "दाबलीय." त्याचे ओठ मला वाचता येतात. मला काहीच वेगळं वाटलं न्हाई. ते बिरूचं इमान माझ्यापर्यंत पोचलंच न्हाई.

मंग मी कोंबडीला हाकललं. डबा धुतला, त्यात नवा फिल्टर टाकला. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत, उभ्या गाडीपासून, हातातल्या घड्याळावर मोजलं. पाइप लावून तीन वेळा, डबा लावून तीन वेळा. सहाही वेळा अठ्ठावीस सेकंद! एकदा तर डबा लावलेला असतानाच काटा जरा आधी थांबला.

कल्याणचं तोंड उतरलं. मंग चिडला. म्हणे, असल्या घड्याळानं कुणी मोजतं का? पाटी घेतली आणि दाबून लिहिलं, "ताईच्या मशीनवर नेतो. मंग बोला." खडूच तुटला.

तर तो येईल. मशीन जे सांगंल ते मला बराबर कळव. मी चूक असलो तर खुशाल लिही, मला वाईट वाटणार न्हाई. पण पोरगं चूक असलं तर मला वेळेत कळलं पाहिजे. लोकं त्याच्या शब्दावर गाड्या खोलून देतात.

काका

*

पुणे,
२० जुलै

ती. काका,

उशीर झाला, माफ करा. कामाची फार गडबड होती.

कल्याण येऊन गेला, दोन दिवस राहिला. गाडी मशीनवर चढवली. ठीक निघाली, काळजीचं कारण नाही. तुम्हाला म्हटलंच होतं की गार हवा मिळाली तर इंजिनाला फायदाच असतो. बॉनेटमधली हवा तापते, एवढीच अडचण. कल्याणशी मी बोलले आहे.

तुमचं नाव फार काढत होता. "दादांच्या हाताला जे कळतं ते मला कधी कळणार," असं म्हणाला.

काकूंचे गुडघे कसे आहेत? तेल पाठवलंय ते लावायला सांगा.

आकांक्षा

*

वाटूर,
१७ ऑगस्ट

चि. आकांक्षा,

तुझ्या पत्रानं मला चाटच पाडलं. म्हणजे घड्याळ माझंच चुकलं! असू दे. सत्तरी ओलांडली, काटा दिसायला उशीर होत असंल.

पण खरा धक्का पुढंच आहे. तुझं पत्र कल्याणला दाखवलं. त्यानं ते दोनदा वाचलं. मंग माझ्यापुढं येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, ताई म्हणती बॉनेटमधली हवा तापते. बाहेरची हवा आणायची तर पाइप तुम्ही करून द्या."

आकांक्षा, हा पोरगा बारावीनंतर मला कधीच काही विचारायला आल्ता न्हाई. माझी पेटी, माझे पाने, सगळं त्याला जुनं वाटायचं. आणि आता म्हणतो तुम्ही करून द्या! मी पाटी खाली ठेवली आणि पेटी काढली.

चार दिवस बसलो. पत्रा वळवला, जोड दिले, घासून गुळगुळीत केला. फिल्टर बॉनेटमधून काढून पार खाली नेला, पुढच्या बंपरच्या मागं, जिथं सावली आणि वारा. रस्त्यापासून वीतभर वर. तिथं हात लावला तर खरंच गार लागतं. कल्याणनं पाइपाला हात लावला आणि मंग माझ्या हाताला लावला.

तुझी काकू म्हणती, बापलेक चार दिवस एका ताटात जेवले, पाइपाचे उपकार झाले.

काका

*

जालना,
२४ सप्टेंबर

चि. आकांक्षा,

दवाखान्यातून लिहून राह्यलो. आधी हे वाच: काकू जिवंत आहे, कल्याण जिवंत आहे. आता पुढचं वाच.

काकूला जांबला दर्शनाला जायचं होतं. कल्याणच्या गाडीत दोघांचीच जागा. काकू त्याच्या शेजारी बसली, मी बिरूच्या जीपमध्ये. येताना अकराच्या सुमाराला एका ओढ्याचा फरशी पूल लागला. वरून पाणी वाहून राह्यलं होतं, पण गुडघ्याच्या बरंच खाली. दोन मोटरसायकली आमच्यादेखत निघून गेल्या. बिरूची जीप गेली. मी पलीकडं उतरून मागं बघत उभा राह्यलो.

लाल गाडी पाण्यात आली आणि मधोमध थांबली. हळू होऊन न्हाई. एकदम, जागच्या जागी, कुणी खुंटा ठोकल्यासारखी.

मला वाटलं कल्याणनं थांबवली. मी हात केला, ये ये. मंग काचेच्या मागं काकूचं तोंड दिसलं. तोंड उघडं होतं. ती ओरडून राह्यली होती आणि मला काही ऐकू येत नव्हतं, आकांक्षा. चाळीस पावलांवर माझी बायको ओरडून राह्यली आणि मी तिला ये म्हणून हात करतो.

पाणी वाढलं. वर कुठं तरी पाऊस झाला असंल. बघता बघता दाराच्या निम्म्यावर आलं. बिरूनं मेंढ्या बांधायचा दोर जीपला बांधला आणि छातीशी धरून आत शिरला. काकूला खिडकीतून ओढून काढलं, त्यात तिचं खांद्याचं हाड मोडलं. कल्याण दोराला धरून तिच्या मागं. ते काठाला लागले आणि गाडी पुलावरून पलटी झाली. पत्र्याच्या डब्यासारखी गेली.

दुसऱ्या दिवशी खाली एका सोयाबीनच्या वावरात सापडली. लोकं म्हणे जाऊ द्या आता. मला जाऊ देता येईना. मी बॉनेट उघडलं. प्लग काढले तर सिलेंडरमधून पाणी उडालं. आत पिस्टनचा रॉड वाकलाय. इंजिन पाणी प्यालं होतं. हवा दाबता येती, पाणी दाबता येत न्हाई. पिस्टन वर आला आणि जागीच अडला.

पाणी गेलं कुठून? गुडघ्याखालच्या पाण्यात इंजिनाच्या तोंडात पाणी गेलं कसं? मी वाकून बघितलं आणि माझाच पाइप मला दिसला. वीतभर वर.

एस.टी.च्या इंजिनाला हवा उंचावरून का देतात, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. शिकवायचो मी! आणि पोरगं पहिल्यांदा करून द्या म्हणालं तर सगळं विसरून गेलो.

तुझा काही दोष न्हाई. मशीननं सांगितलं ते तू लिहिलंस. दोष या दोन हातांचा आहे.

काका

*

पुणे,
२८ सप्टेंबर

ती. काका,

तुमचं पत्र काल रात्री वाचलं. सकाळी फोनवर काकूंचा आवाज ऐकला तेव्हा कुठं रडता आलं.

माझा काही दोष नाही असं तुम्ही लिहिलंय. ते वाचवत नाही, काका. मशीननं सांगितलं ते मी लिहिलंच नव्हतं.

चाकं रोलरवर ठेवून ताकद मोजतात ते आमचं मशीन. गाडी त्यावर सहा वेळा चालवली. कंपनीचा डबा लावून एकशे बावन्न हॉर्सपॉवर. कल्याणचा पाइप लावून एकशे पन्नास. दहा मिनिटं उभी ठेवून इंजिन तापवलं, तेव्हा एकशे त्रेचाळीस. तुमचं घड्याळ बरोबर होतं. तुम्हीच बरोबर होतात!

मशीनचा कागद हातात घेऊन कल्याण उभा होता. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. पांढरा पडला होता. म्हणाला, "ताई, उलटं कसं असेल? मला तर जास्त पळतीय असं वाटतं." पुन्हा चालवायला लावली. पुन्हा तेच. मग जमिनीवर बसला आणि म्हणाला, "दादांना सांगू नको. ते आधीच मला कारागीर मानत नाहीत. मी दुकानात हे विकणं बंद करतो, पण त्यांना सांगू नको."

मला त्याची दया आली. म्हणून "ठीक निघाली" असं लिहिलं. वर गार हवेची ती ओळ खोटं झाकायला टाकली. त्या एका ओळीवरून तुम्ही चार दिवस बसून पाइप वळवलात. खरा आकडा लिहिला असता तर तुम्ही पत्र्याला हात लावला नसतात, आणि काकू त्या पाण्यात अडकल्या नसत्या.

मला जे बोलायचं ते बोला.

आकांक्षा

*

वाटूर,
५ ऑक्टोबर

आकांक्षा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं मलाच नीट वाचता येईना. तू? परीक्षेत एक मार्क जास्त मिळाला तर मास्तरांकडं परत द्यायला जाणारी तू?

मी विचारलं होतं, बिलकुल न लपवता सांग. हेच शब्द होते.

कल्याणला समोर बसवलं. मशीनचा कागद त्यानं फाडून टाकलाय. त्याच्यावर ओरडलो, मला स्वतःला ऐकू आलं न्हाई पण बिरू त्याच्या वाड्यातून पळत आला. तेव्हा कल्याणनं पाटी घेतली. मला वाटलं माफी लिहून राह्यला. त्यानं लिहिलं, "दादा, तुमचा पाइप बघून मी अजून सात बनवून घेतले. लोकांच्या गाड्यांना लावले."

सात.

जालन्यातल्या एका वेल्डरकडून, माझ्या पाइपाच्या मापानं. सात गाड्या आणि सात तोंडं वीतभर वर. परतीचा पाऊस अजून गेला न्हाई.

मला आता तुझ्याशी काही बोलायचं न्हाई. वेळ न्हाई.

पुंजाराम

*

जालना,
१५ ऑक्टोबर

ताई,

दादा म्हणाले, तिला कागदावर लिही. म्हणून दहावीनंतर पहिल्यांदा पत्र लिहून राह्यलो. अक्षर सांभाळून घे.

तुला शब्द देऊनही मी विकणं बंद केलं न्हाई. तुझ्याकडून निघालो तेव्हा करणारच होतो. मंग दादांनी तो पाइप केला. मी मनाला सांगितलं, मशीनवर कमी निघालं ते गरम हवेमुळं, आता खरंच वाढली असणार. मोजायला मात्र गेलो न्हाई. भीती वाटली.

पाच तारखेपासून आम्ही दोघं बिरूच्या जीपमध्ये फिरलो. तीन गाड्या जालन्यातच होत्या. एक अंबडला, एक मंठ्याला, एक परतूरला. मी प्रत्येकाला सांगितलं, यानं काही वाढत न्हाई, पाण्यात इंजिन जातं, माझी माय मरता मरता वाचली. एकानं माझी कॉलर धरली. एकाची बायको तर रोज लेकराला त्याच गाडीत शाळेत सोडती. दादा कुणाशी काही बोलत नव्हते. पेटी उघडायचे, पाइप काढायचे, कंपनीचा डबा बसवायचे आणि जीपमध्ये जाऊन बसायचे.

सातवा पिंपळगाव रेणुकाईचा राधेश्याम. त्याचा फोन लागेना. तेरा तारखेला गेलो. घरापुढं काळी गाडी उभी होती, पुढचं बंपर चिखलानं माखलेलं. आतून तो हसत आला. म्हणे, "या की! काल ओढ्यातून काढली, नुसती पळाली!"

मी चिखलाच्या रेषेला बोट लावलं. पाइपाच्या तोंडाच्या चार बोटं खाली होती. चार बोटं, ताई. आदल्या दिवशी त्याच्यासोबत त्याची म्हातारी चतुराबाई आणि दोन बहिणी होत्या.

मी त्याला सगळं सांगितलं. त्याला पटेना. "न्हाई वाढली कशी? मी रोज चालवतो ना! लई फरक आहे. तुम्हाला आता दुसरं काही विकायचं असंल म्हणून बोलता." मंग त्यानं विचारलं, "हा पाइप परदेशी आहे म्हणाले होते तुम्ही. परदेशातल्या लोकांना कळत न्हाई का?"

दादांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी ओठ वाचले होते. मी लोकांना परदेशी माप म्हणून सांगायचो हे त्यांना माहीत नव्हतं. मला वाटलं आता इथंच मला मारतील. त्यांनी राधेश्यामच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माप माझं आहे. वाटूरच्या पुंजारामचं. चुकलंय. मलाच काढू द्या."

राधेश्याम आत जाऊन आला. त्यानं किल्ली दिली.

दादा गाडीखाली झोपले, मी पाने देत गेलो. डबा बसवला. मंग दादांनी त्यालाच गाडी फिरवून आणायला सांगितलं. तो पार फाट्यापर्यंत जाऊन आला. उतरला तो रडकुंडीला आलेला. म्हणाला, "काय केलं हे? किती हळू झाली हो गाडी!"

मी म्हणालो, "हळू न्हाई झाली. गप झाली."

त्याला पटलं का न्हाई माहीत न्हाई. तो बॉनेटवर हात ठेवून उभा राह्यला. पण बोललो ते मलाच असं लागलं की जीपच्या पायरीवर बसलो. ताई, दुकान काढल्यापासून आठ वर्सांत मी कुणाच्याच गाडीत काही वाढवलं न्हाई. सगळ्यांना आवाज विकला. मलाही तोच ऐकू येत होता.

काल मी व्हिडिओ टाकला. तुझे तिन्ही आकडे सांगितले, एकशे बावन्न, एकशे पन्नास, एकशे त्रेचाळीस. मायचा गळ्यात बांधलेला हात दाखवला. तिनंच दाखव म्हणून सांगितलं. शिव्या लई पडल्या. पण आज सकाळपासून नऊ जणांचे फोन आले, मी ज्यांना काहीच विकलं न्हाई असे लोक. यवतमाळ, लातूर, एक तर नाशिकचा. सगळे एकच विचारतात, आमच्या पाइपाचं तोंड किती वर आहे ते कसं मोजायचं? मी सांगून राह्यलो.

खाली दादांना चार ओळी लिहायच्यात.

तुझा
कल्याण

आकांक्षा, दिवाळीला ये. काकूला एका हातानं करंज्या वळता येत न्हाईत आणि माझ्याच्यानं होत न्हाईत. आलीस की मी बोलंन. रागावून बोलंन, पण बोलंन.
— काका